बावीस झटके आणि एक चप्पल

"अठरा... एकोणीस... वीस..."

दोस्तांनो, हे कुणी दोरीवरच्या उड्या मोजत नव्हतं बरं का! सकाळचे सहा वाजले होते. ऑगस्टचा पहिला आठवडा, वर ढग आणि खाली चिखल. मालवणच्या दक्षिणेला देवबाग नावाचं गाव आहे. गाव कसलं, माडांची एक चिंचोळी पट्टीच! एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. त्या खाडीकाठी माझे भावोजी गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या होडीत वाकून इंजिनाची दोरी ओढत होते आणि काठावर बसून त्यांची मुलगी मोजत होती.

ही माझी भाची. आठवीत शिकते. गावात सगळे तिला 'बाय' म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू या.

"एकवीस... बावीस..."

बाविसाव्या झटक्याला इंजिन खोकलं, निळसर धूर सोडला आणि एकदाचं धडधडायला लागलं. भावोजींनी घाम पुसला. बायने मांडीवरच्या वहीत लिहिलं, '६ ऑगस्ट, सकाळ. २२.'

"रोज लिहितेस?" मी विचारलं.

"हो मामा. बंदी उठल्यापासून रोज."

त्या वहीची गंमत पुढे कळेल. आधी हे इंजिन म्हणजे काय ते पाहू.

होडीच्या पाठीवरचं यंत्र

लहान होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन तुम्ही पाहिलं असेल. याला 'आउटबोर्ड मोटर' म्हणतात. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पाण्यात पंखा. सगळं एकाच तुकड्यात. नको तेव्हा काढून खांद्यावर घरी नेता येतं. मोटारीसारखी किल्ली फिरवून सुरू होणारी मोठी इंजिनंही असतात. पण लहान इंजिनाला असते ती दोरी. झटक्याने ओढायची, की आतलं जड चाक फिरतं आणि इंजिन जागं होतं.

जागं झालं तर!

नाही झालं तर काय होतं, ते भावोजींनी आदल्याच दिवशी अनुभवलं होतं. देवबागच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, त्या जागेला संगम म्हणतात. तिथे ते आणि त्यांचा जोडीदार जाळं ओढत होते. पाऊण तास इंजिन बंद होतं, वरून पाऊस. ओहोटी लागली. ओहोटीच्या वेळी खाडीतलं पाणी जोराने समुद्राकडे धावतं आणि समोरून येणाऱ्या लाटांना भिडतं. तिथे पाणी उसळतं, लाटा फुटतात. होडी हळूहळू तिकडे सरकायला लागली. भावोजींनी दोरी ओढली. एक, दोन, तीन... इंजिन गप्प! जोडीदाराने पटकन नांगर टाकला. नांगर वाळूत रुतला, दोर ताणला गेला आणि होडी थांबली. नवव्या झटक्याला इंजिन सुरू झालं.

बायच्या वहीत त्या दिवशीची नोंद होती, '५ ऑगस्ट, संगम. ९. बाबा रात्री जेवले नाहीत.'

ताईने मग सांगूनच टाकलं, "इंजिन नीट होईपर्यंत होडी संगमावर जायची नाही." आणि होडी गेली नाही तर घर कशावर चालायचं? महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. दोन महिने हात बांधलेले, आणि आता कुठे हंगाम सुरू होतोय तर हे! शेजारच्या एकाने सल्ला दिला, "कार्बुरेटर बदल." दुसरा म्हणाला, "जुनं झालं, नवं इंजिन घे." नवं इंजिन म्हणजे लाखाच्या वरचं काम. भावोजी गप्प झाले.

दुपारी ताईने मेस्त्रींना बोलावणं पाठवलं.

आदी इचारूचा!

मेस्त्री म्हणजे साठीचे गृहस्थ. स्कूटरवरून आले, हत्यारांची पेटी होडीत ठेवली आणि... उघडलीच नाही! फळीवर बसून त्यांनी चहा मागितला.

"मेस्त्रीकाका, इंजिन खोलणार ना?" बायने विचारलं.

"खोलूचा मगे. आदी इचारूचा, मगे उघडूचा." म्हणजे आधी विचारायचं, मग उघडायचं. "माका सांग बाय, इंजिनाक काय काय लागता?"

बाय म्हणाली, "पेट्रोल."

"आणि?"

"...पेट्रोलच!"

मेस्त्री हसले. त्यांनी चार बोटं वर केली. इंजिनाला चार गोष्टी लागतात, बरं का. पेट्रोल, हवा, दाब आणि ठिणगी. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण नळकांड्यात शिरतं. दट्ट्या ते दाबतो. प्लगमधून ठिणगी पडते. भडका उडतो, दट्ट्या ढकलला जातो आणि चाक फिरतं. चारपैकी एक जरी कमी पडली, तरी इंजिन सुरू होणार नाही. आणि चारही असून जर प्रमाण चुकलं किंवा वेळ चुकली, तरीही नाही!

म्हणजे बिघाड शोधायचा तर अंधारात चाचपडायची गरज नाही. चार दारं आहेत. एकेक दार ठोठवायचं, इतकंच.

हवा किती लागते, माहीत आहे? आपल्याला वाटतं इंजिन पेट्रोल पितं. खरं तर ते हवा खातं! एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १५ ग्रॅम हवा लागते. हवा किती हलकी ते आठवा. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलसाठी जवळपास ९ हजार लिटर हवा लागते. हे मिश्रण बनवण्याचं काम कार्बुरेटर करतो. त्याच्या गळ्यातून हवा जोराने जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि सुईच्या अग्राएवढ्या बारीक भोकातून पेट्रोल वर खेचलं जातं, तुम्ही नळीने शहाळं पिता ना, अगदी तसं.

वहीने केलेली कमाल

"आता सांगा, कधीपासून असा होता?" मेस्त्रींनी भावोजींना विचारलं.

भावोजी म्हणाले, "बंदी उठल्यापासून. सुरूच होत नाही पटकन. मी कार्बुरेटर धुतला, प्लग बदलला, पेट्रोल बदललं, तरी तेच."

"तरी तेच नाही काही!" बाय म्हणाली आणि तिने वही पुढे केली.

वहीत असं होतं:

१ ऑगस्ट, सकाळ. ३० झटके. सुरू होऊन लगेच बंद. असं चार वेळा.

२ ऑगस्ट. बाबांनी कार्बुरेटर धुतला, नवा प्लग, नवं पेट्रोल.

३ ऑगस्ट, सकाळी ६. २२ झटके. मग छान चाललं. त्याच दिवशी ९ वाजता, मध्ये थोडाच वेळ बंद होतं. २ झटके.

४ ऑगस्ट, सकाळी ६. २४. दुपारी १, तीन तास बंद होतं. ११.

५ ऑगस्ट, संगम. ९.

मेस्त्रींनी चष्मा वर केला, वही दोनदा वाचली आणि म्हणाले, "अर्धा काम हिनाच केल्यान!"

का बरं? तुम्हीही पाहा ती वही पुन्हा. १ तारखेला इंजिन सुरू होऊन बंद पडत होतं. ३ तारखेनंतर ते एकदा सुरू झालं की छान चालतंय. म्हणजे 'तेच' नाही! पहिला आजार बरा झाला आहे. दोन महिने इंजिनात तसंच पडून राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो कार्बुरेटरच्या बारीक भोकात बसतो. भावोजींनी धुतला, भोक मोकळं झालं.

आणि आताचा आजार? इंजिन गार असलं की २२, २४. कोमट असलं की ९, ११. गरम असलं की २. हा गारठ्याचा आजार आहे! इंजिन जितकं गार तितके झटके जास्त. आकड्यांनी चोराचा पत्ता जवळजवळ सांगितला. पण मेस्त्री म्हणाले, "जवळजवळ म्हणजे नक्की नाय." आणि मग पेटी उघडली.

चार दारं

सगळ्यात आधी त्यांनी काय केलं असेल? हत्यार न लावता नुसतं पाहिलं. गिअर मधोमध आहे ना? गिअर पडलेला असेल तर बरीच इंजिनं सुरूच होत नाहीत. चालकाच्या मनगटाला बांधायच्या लाल दोरीची चाप जागेवर आहे ना? माणूस पाण्यात पडला तर ही चाप निघते आणि इंजिन आपोआप बंद होतं. चाप नसेल तर तासभर दोरी ओढा, ठिणगी पडणार नाही! पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद असेल तर थोडा वेळ इंजिन चालतं; मग टाकीतून पेट्रोल बाहेर जातं पण हवा आत येत नाही, आणि इंजिन गुदमरतं. उपडी धरलेली बाटली पाणी कसं अडखळत सोडते, ते आठवा.

"हसू नको," मेस्त्री बायला म्हणाले. "लोकांनी अख्खी मशीन खोलून माझ्याकडे आणली आणि मी नुसता स्क्रू फिरवलाय, असं झालंय!"

पहिलं दार, पेट्रोल. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो. तो दाबला की पेट्रोल पुढे सरकतं. चार-सहा वेळा दाबल्यावर तो कडक व्हायला हवा. मऊच राहिला तर कुठून तरी हवा शिरतेय. चपटा होऊन तसाच राहिला तर टाकीकडून पेट्रोलच येत नाही. भावोजींचा फुगा कडक झाला आणि कडकच राहिला. मग मेस्त्रींनी कार्बुरेटरच्या तळातलं पेट्रोल काचेच्या छोट्या बाटलीत काढून उजेडात धरलं. तळाशी पाण्याचा थेंब आहे का? नव्हता.

हे का पाहायचं? पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. आणि कार्बुरेटर नेमका तळातूनच ओढतो. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं. २०२५ पर्यंत त्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉलला पाण्याची भारी आवड! कोकणातल्या दमट हवेतला ओलावाही ते शोषून घेतं. म्हणून होडीसाठी पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवायचं नसतं. (तुम्हाला प्रयोग करायचा असेल तर पेट्रोलला हात लावू नका हं! बाटलीत पाणी आणि गोडेतेल घालून हलवा, ठेवून द्या आणि तळाशी कोण बसतं ते पाहा.)

दुसरं दार, ठिणगी. मेस्त्रींनी प्लग काढून पाहिला. प्लग म्हणजे इंजिनाची जीभच. डॉक्टर जीभ पाहतात ना, तसं मेस्त्री प्लग पाहतात. ओलाचिंब असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. काळाकुट्ट, तेलकट असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त होतंय. कॉफीसारखा तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. भावोजींचा प्लग नवा, तोंडाला हलका तपकिरी रंग चढू लागलेला. मग त्यांनी पेट्रोलची टाकी दूर ठेवली आणि ठिणगी तपासायचं एक साधन लावून दोरी ओढली. टिक! निळी, टपोरी ठिणगी.

बायला प्रश्न पडला, "याला बॅटरी नाही, मग वीज येते कुठून?"

छान प्रश्न! दोरीने जे जड चाक फिरतं, त्यात चुंबक बसवलेले असतात. ते तारेच्या वेटोळ्याजवळून वेगाने गेले की वेटोळ्यात वीज तयार होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलं. तुमच्या दहावीच्या पुस्तकात ते भेटेलच. प्लगपर्यंत पोचेतो ही वीज हजारो व्होल्टची होते. आता कळलं, दोरी हळूहळू ओढून का भागत नाही? चुंबक रेंगाळले की ठिणगीही रेंगाळते. आधी दोरी ताठ होईपर्यंत सावकाश ओढायची आणि मग एकच लांब, जोरकस झटका!

तिसरं दार, दाब. प्लग काढलेला असताना दोरी सहज येते. प्लग लावला की तीच दोरी अडते, जोर लावावा लागतो. तो जोर म्हणजेच आतला दाब. अगदी अचूक मोजायला मापक असतो, पण मेस्त्रींच्या हाताला इतकं पुरे होतं. दाब चांगला होता.

तीन दारं बंद. म्हणजे त्या तीन घरांत चोर नाही. राहिलं चौथं. हवा!

चप्पल!

आता मेस्त्रींनी पुढचं झाकण काढलं, भावोजींना दोरी धरायला सांगितली आणि पायातली रबरी चप्पल काढली. बायला वाटलं, आता बाबांना चप्पल बसणार की काय! मेस्त्रींनी ती खाडीच्या पाण्यात धुतली, पुसली आणि कार्बुरेटरच्या हवेच्या तोंडावर सपाट दाबून धरली.

"ओढा."

एक झटका. काही नाही. दुसरा झटका आणि धाड! इंजिन सुरू! मेस्त्रींनी क्षणात चप्पल काढली. इंजिन मजेत धडधडत राहिलं. गार इंजिन, आणि फक्त दोन झटके!

सगळे त्या चपलेकडे बघत राहिले.

(दोस्तांनो, ही करामत घरी करायची नाही. अशा वेळी कार्बुरेटरच्या तोंडातून ज्वाळ उलटी येऊ शकते. मेस्त्रींनी ते चाळीस वर्षं काम करून शिकलेलं आहे.)

गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तसंच! आणि पेटते ती वाफ. द्रव पेट्रोल पेटत नाही. मग उपाय काय? थोडा वेळ जास्त पेट्रोल द्यायचं, म्हणजे त्यातल्या थोड्याची तरी वाफ होईल. त्यासाठी हवेच्या वाटेवर एक झडप असते, तिला 'चोक' म्हणतात. बटण ओढलं की झडप मिटते, हवा अडते आणि सगळी ओढ पेट्रोलवर पडते. इंजिन गरम झालं की झडप उघडायची. जे काम झडपेने करायला हवं होतं, ते चपलेने केलं. म्हणजे झडप काम करत नव्हती!

"पण चोक तर मी रोज ओढतो!" भावोजी म्हणाले.

"बटण ओढतास," मेस्त्री म्हणाले. "चोक लागता काय ता बघितलास?"

त्यांनी बटण ओढून दाखवलं. बटण बाहेर आलं, आणि आतली झडप जागच्या जागी! बटण आणि झडप यांना जोडणारी दाभणाएवढी तार प्लास्टिकच्या चिमटीतून निसटली होती. चिमटीला बारीकशी चीर होती. २ तारखेला कार्बुरेटर धुऊन परत बसवताना तार चिमटीवर टेकली होती, आत 'टक' करून बसलीच नव्हती. म्हणजे दुसरा आजार पहिल्या औषधातून आला होता!

भावोजींचा चेहरा पडला. मेस्त्रींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, तुमी धुतलास म्हणून तर चलता! फक्त उघडताना फोटो काढूचो. मोबाइल खिशात असता मा?"

किती साधी गोष्ट! आणि त्या दिवशी एकदम तीन गोष्टी केल्यामुळे कशाने काय झालं हे भावोजींना कळलंच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पाहायचं, मग पुढची. शाळेतल्या प्रयोगशाळेतला हा नियम खाडीकाठीही तितकाच खरा आहे.

मेस्त्रींनी नवी चिमटी बसवली. येण्याचे पैसे घेतले, चिमटीचे घेतले, आणि ताईने बांधून दिलेले बांगडेही घेतले.

आइस्क्रीम आणि वल्ही

या यंत्राच्या जन्माची एक गोड गोष्ट सांगतात. ओले एव्हिनरूड हा १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला कारागीर. एका उन्हाळ्यात तो मित्रमंडळींबरोबर तळ्यावर सहलीला गेला होता. त्याच्या मैत्रिणीला, बेसला, आइस्क्रीम खावंसं वाटलं. बेटावरून काठापर्यंत वल्ही मारत तो गेला आणि वल्ही मारत परत आला. तोवर आइस्क्रीमचं दूध झालेलं! त्याच्या मनाने घेतलं, होडीला इंजिन हवं. त्याआधीही काहींनी अशी यंत्रं केली होती. पण १९०९ मध्ये एव्हिनरूडने मिलवॉकी शहरात बनवून विकायला काढलेली दीड अश्वशक्तीची मोटर लोकांना मनापासून आवडली. तिचं वजन सुमारे २८ किलो होतं. पुढे त्याची पत्नी झालेल्या बेसने तिची जाहिरात लिहिली. वल्ही मारू नका, फेकूनच द्या, असा तिचा सूर होता!

बेसबाईंची क्षमा मागून सांगतो, वल्ही मुळीच फेकू नका. ५ ऑगस्टला नांगर नसता तर? इंजिन कितीही गुणी असलं तरी ते यंत्र आहे. होडीत वल्ही, नांगर, पुरेसा दोर आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवंच.

इंजिन अडलं तर

मेस्त्रींनी सांगितलेला क्रम बायने वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला. तुमच्या घरी होडी असेल तर आईबाबांना वाचून दाखवा.

१. होडी वाहत जात असेल तर आधी नांगर टाका. मग इंजिनाकडे वळा.

२. नुसतं पाहा: गिअर मधोमध, लाल दोरीची चाप जागेवर, टाकीत पेट्रोल, हवेचा स्क्रू उघडा, नळी दोन्ही टोकांना घट्ट.

३. फुगा दाबा. कडक होतो का? त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे हवा.

४. इंजिन गार असेल तर चोक ओढा आणि झडप खरंच मिटते का, ते पाहा. गरम असेल तर चोक नको.

५. पाच-सहा झटक्यांत सुरू झालं नाही तर ओढत बसू नका. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर ते जास्त झालं आहे. चोक बंद करून थोडा वेळ थांबा, मग पुन्हा ओढा.

६. प्लग पाहा. ओला की कोरडा? रंग कोणता? एक जास्तीचा प्लग आणि तो काढायचा पाना नेहमी होडीत ठेवा.

७. कार्बुरेटर खोलणं सगळ्यात शेवटी, आणि तेही काठावर आल्यावर.

पेट्रोलची, ठिणगीची कामं मोठ्यांनीच करायची. मुलांचं काम पाहायचं, मोजायचं आणि लिहायचं. ते कमी महत्त्वाचं नाही, हे तुम्ही पाहिलंतच!

आणि बंदीच्या आधी काय करायचं, तेही मेस्त्रींनी बजावलं. इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून आतलं खारं पाणी धुऊन काढायचं. पाण्याबाहेर कोरडं मात्र क्षणभरही चालवायचं नाही. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी खालून रबरी चकतीने वर चढतं. पाणी नसेल तर ती चकती जळते. मग पेट्रोलची नळी काढून आतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यायचं, म्हणजे चिकट थर बसायला काही उरतच नाही. आणि टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मोजूनच मिसळायचं. भावोजींच्या इंजिनाला ५० भाग पेट्रोलला एक भाग तेल लागतं, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. अंदाजाने 'गुटुक-गुटुक' ओतायचं नाही! तुमच्या इंजिनाचं प्रमाण त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

होडी नसलेल्या दोस्तांनो, तुम्हीही ही चार दारं लक्षात ठेवा. बाबांची जुनी स्कूटर, शेतावरचा फवारणी पंप, गणपतीच्या मांडवातला जनरेटर... या सगळ्यांना पेट्रोल, हवा, दाब आणि ठिणगी याच चार गोष्टी लागतात.

दुसऱ्या दिवशी

७ ऑगस्टला सकाळी आम्ही सगळे खाडीवर गेलो. ताईसुद्धा आली. भावोजींनी चोक ओढला, वाकून झडप मिटलेली पाहिली, दोरी ताठ केली.

"एक..." बायने सुरुवात केली. "दोन..."

तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. मागून पाण्याची बारीक धार उडायला लागली. भावोजींनी हात हलवला, आणि वल्ही व नांगर नीट पाहून होडी संगमाच्या दिशेने निघाली. ताई ती वळणाआड जाईपर्यंत बघत होती. मग काही न बोलता घरी चहा करायला गेली.

बाय मात्र जरा हिरमुसलेली दिसली. "तीनच? आता रोज मोजण्यासारखं काय राहिलं?"

पण ते क्षणभरच. घरी गेल्यावर पाहतो तो तिने वहीचं नवं पान काढलं होतं. वर लिहिलं होतं, 'माजघरातलं घड्याळ. ७ ऑगस्ट. ४ मिनिटं मागे.'